वादळात छप्पर उडू नये म्हणून काय करायचं: कोकणातल्या पत्र्याच्या आणि कौलारू घरांसाठी

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, इकडे मंडणगड, दापोली, या सगळ्या पट्ट्यात घरांची छपरं गेली, आणि वर लगेच पावसाळा. मग लोकांनी मिळेल तो पत्रा मिळेल त्या भावात आणून घाईघाईत ठोकला, डोक्यावर पाऊस असताना दुसरं करणार तरी काय. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पुन्हा तेच हाल. पण त्या घाईत ठोकलेली कितीतरी छपरं आजही जशीच्या तशी आहेत, वरून नवीन निळा-लाल पत्रा चकाचक दिसतो आणि खाली बांधणी तीच जुनी. ते बघून राहवत नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, वादळी वारा छप्पर वर उचलतो. आपल्याला वाटतं वारा येतो आणि ढकलतो, म्हणून आपण छपरावर दगड, जांभ्याचे चिरे, वाळूच्या गोणी ठेवतो. पण वारा छपरावरून वेगाने जाताना वरच्या बाजूला ओढ तयार होते, आणि खालून पडवीतून, उघड्या खिडकीतून शिरलेला वारा आतून वर रेटतो. दोन्ही जोर एकाच दिशेला, वर.

किती जोर? वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरचा वारा ताशी १२० झाला की जोर दुप्पट नाही तर चौपट होतो. ताशी १२० ला हिशोब केला तर चौरस मीटरला साधारण ६५-७० किलोचा दाब निघतो. म्हणजे १० बाय १० फुटांच्या खोलीवर सहाशे किलोच्या वर. आणि हा सगळीकडे सारखा नसतो, कडा, कोपरे आणि आढं म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा कणा, त्याच्याजवळची जागा इथे ओढ दीडपट-दुप्पटसुद्धा होते. आता समोर बघा, अर्धा एमएमचा पत्रा चौरस मीटरला चार-साडेचार किलो. मंगलोरी कौलं साधारण चाळीस किलो. म्हणजे कौलारू छप्परही नुसत्या वजनावर टिकेल असं नाही, आणि पत्र्याचा तर प्रश्नच नाही, तो फक्त बांधणीवर टिकतो. गोणी ठेवून किती ठेवणार, आणि ती गोणी किंवा चिरा सुटला तर खालच्या माणसाच्या डोक्यात जाणार ते वेगळंच.

म्हणून काम एकच, छपरापासून पायापर्यंत प्रत्येक जोड वरच्या ओढीला टिकेल असा बांधायचा. पत्रा किंवा कौल रिपेला म्हणजे खालच्या आडव्या पट्टीला, रीप वाशाला म्हणजे उताराच्या लाकडाला, वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई भिंतीला आणि भिंत पायाला. यातला एक जरी जोड नुसता टेकलेला असेल तर बाकी कितीही पैसे घाला, छप्पर तिथून सुटणार.

आधी माळ्यावर चढून खालून बघा

टॉर्च घ्या आणि हाताने हलवून बघा. वासा तुळईवर नुसता ठेवून वरून एक चूक मारलीय का? चूक म्हणजे खिळा, आमच्याकडे चूकच म्हणतात. खाली दाबणाऱ्या वजनाला ती ठीक आहे पण वर ओढलं की सरळ उपटून येते, आणि जुन्या लाकडात, जिथे खिळ्याभोवती गंज धरून भोक मोठं झालंय, तिथे तर हातानेसुद्धा निघते. लाकडाला वाळवी लागलीय का ते स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, विशेष करून वाशाची टोकं जिथे भिंतीत गेलीत तिथे, कारण बाहेरून चांगला दिसणारा वासा टोकाला आतून पोकळ असतो. लोखंडी कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, असेल तर वेल्डिंगच्या जागी आणि जिथे पाईप भिंतीला लागतो तिथे गंज बघा, किनाऱ्याजवळ खारा वारा लोखंडाला आधी तिथेच धरतो.

मग सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त सुटून गेलेलं, तुळई भिंतीला कशाने धरलीय? जुन्या चिऱ्याच्या घरात बहुतेक वेळा उत्तर असतं, कशानेच नाही, वजनावर बसलीय. यावर उपाय म्हणजे भिंतीवर चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा, सळ्या घालून, आणि तो ओला असतानाच त्यात १२ एमएमचे बोल्ट उभे करून ठेवायचे, खाली वाकडं टोक करून, साधारण तीन-चार फुटावर एक, आणि कोपऱ्यापाशी जवळ जवळ. वरून तुळईला भोक पाडून नट आणि मोठा चौकोनी वॉशर. नवीन घर बांधत असाल किंवा छप्पर उतरवणारच असाल तर हे कराच, परत अशी संधी वीस वर्षं येत नाही.

छप्पर उतरवायचं नसेल तर दुसरा मार्ग आहे. तुळईवरून लोखंडी पट्टी घ्यायची, ती भिंतीच्या दोन्ही अंगाने दोन-तीन फूट खाली आणायची आणि भिंतीतून आरपार बोल्ट मारून दोन्ही पट्ट्या एकमेकींना कसायच्या. म्हणजे तुळईला उठायचं असेल तर त्याच्याखालचे चार-पाच थर चिऱ्याचे सोबत उचलावे लागतील. चिरा मऊ असतो त्यामुळे त्यात नुसता फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, ठोकून भागत नाही, कडा ढासळतात आणि फास्टनर सैल होतो, आरपारच जायला हवं. पट्टीला लाल ऑक्साइड नाहीतर झिंक प्रायमर, मग रंग, जमलं तर सरळ गॅल्व्हनाइज्डच घ्या.

वासा आणि तुळईच्या जोडालाही तेच, २५ किंवा ३० एमएम रुंद आणि ३ एमएम जाडीची पट्टी वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी तुळईला नट-बोल्टने. प्रत्येक वाशाला, एकाआड एक नाही. आढ्यावर जिथे दोन बाजूंचे वासे मिळतात तिथेही एक पट्टी वरून, आणि आढ्याच्या जरा खाली दोन्ही वाशांना जोडणारी आडवी लाकडी फळी बोल्टने. हे एका सुताराचं आणि एका फॅब्रिकेटरचं मिळून थोड्या दिवसांचं काम आहे, आणि अख्ख्या छपराच्या खर्चापुढे पट्ट्या-बोल्टचा खर्च अगदी किरकोळ आहे.

पत्र्याचं छप्पर

निसर्गनंतर बऱ्याच घरांवर एक गोष्ट दिसत होती ती नीट समजून घ्या. पत्रा गेलेला, पण पाईपवर स्क्रू जागच्या जागी उभे, त्यांना वॉशरही तसाच, आणि वॉशरखाली रुपयाएवढा पत्र्याचा तुकडा अडकून राहिलेला. म्हणजे स्क्रू हरला नाही, पत्रा स्क्रूभोवती फाटून निघून गेला. वारा एकसारखा दाबून धरत नाही, झोत येतो-जातो, पत्रा फडफडतो, आणि त्या फडफडीने स्क्रूच्या भोकाभोवती बारीक तडे जातात, मग एक मोठा झोत आला की सगळा फाटतो. ऑस्ट्रेलियात डार्विनला १९७४ च्या ट्रेसी वादळात हेच झालं होतं, शहरातली बहुतेक घरं गेली, आणि त्यानंतर तिथे पत्र्याच्या बांधणीचे नियमच बदलले.

तर यातून काय घ्यायचं. पत्रा पातळ घेऊ नका, दुकानदार ०.३५ किंवा ०.४० एमएमचा दाखवेल, स्वस्त पडतो, पण किनाऱ्याजवळ ०.५० च्या खाली उतरू नका. वॉशर मोठा घ्या, स्क्रूसोबत येणारी छोटी रबरी चकती पाण्यासाठी असते, ओढीसाठी नाही, तिच्यावर पत्र्याच्या नळीच्या आकाराचा घुमटी वॉशर टाकला की जोर मोठ्या जागेवर पसरतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा म्हणजे पाणी भोकावर थांबत नाही, आणि मशीनने इतका कसायचा नाही की उंचवटा चेपेल. कारागीर घाईत असला की चेपतोच, तेव्हा खाली उभं राहून लक्ष ठेवा, चेपलेल्या जागी पाणी साचतं आणि तडाही तिथूनच सुरू होतो.

स्क्रू किती? मधल्या भागात एकाआड एक उंचवट्याला चालेल. पण पागोळ्यांच्या कडेला, म्हणजे छपरावरून पाणी खाली पडतं तिथे, आढ्याजवळ आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींजवळ प्रत्येक उंचवट्याला. वर सांगितलं तसं ओढ कडांना जास्त, म्हणून खर्च कडांवर करायचा. पर्लिनचे पाईपही, म्हणजे पत्रा ज्यांच्यावर बसतो ते आडवे पाईप, मधे चार फुटावर असतील तर पहिले दोन पाईप कडेकडून तीन फुटाच्या आतच हवेत. आणि पागोळीकडचा पत्रा शेवटच्या पाईपच्या पुढे फूटभर लोंबत ठेवायचा नाही, वाऱ्याला धरायला तेवढं टोक पुरतं.

जुन्या पद्धतीचे हुक असतील, म्हणजे इंग्रजी J अक्षराच्या आकाराचे, तर वादळात हुक पाईपवरून फिरून सरळ होतो आणि सुटतो. निदान कडांना तरी ते काढून यू बोल्ट टाका, दोन पाय, दोन नट, तो फिरत नाही. आणखी एक स्वस्त आणि कामाचा उपाय म्हणजे पागोळीच्या कडेने आणि आढ्याच्या दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या वरून एक सलग लोखंडी पट्टी टाकून ती खालच्या पाईपला बोल्टने आवळायची. पत्र्याची कड एकदा उचलली गेली नाही की आतलं सगळं बऱ्यापैकी शाबूत राहतं.

पत्रे एकमेकांवर चढवताना बाजूने दीड नळी आणि खाली-वर निदान सहा इंच. आढ्यावरची पन्हळी टोपी दोन्ही बाजूंनी प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, कारण टोपी गेली की दोन्ही पाख्यांत, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांत, वारा घुसतो. आणि कैच्यांच्या मधे तिरके आधार, म्हणजे ब्रेसिंग, हवंच, नाहीतर कैच्या पत्त्यांसारख्या एका बाजूला आडव्या होतात, पत्रा कितीही घट्ट असला तरी.

सिमेंटचे पत्रे असतील तर माझं स्पष्ट मत, बदला. ठिसूळ असतात, एखादी फांदी पडली की भोक, आणि तुकडे उडून दुसऱ्यांना लागतात. शिवाय जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो कापताना-फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे उतरवताना शक्यतो अख्खा उतरवा, पाण्याने भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून. आणि त्यावर सरळ पाय देऊन चालू नका, फळी टाकून, बोल्टच्या ओळीवरूनच.

कौलारू

कौलारू घर असणाऱ्यांनो, वादळ आलं म्हणून कौलं काढून पत्रा टाकायची घाई करू नका. कौलाचं घर थंड राहतं, एखाददुसरं फुटलं तर तेवढंच बदलता येतं, आणि कौलं आपल्या जागी बांधता येतात. मंगलोरी कौल उलटं करून बघा, खालच्या अंगाला तारेसाठी भोक असलेलं कान असतं, बहुतेकांनी त्याचा कधी उपयोगच केलेला नसतो. पागोळीकडच्या दोन-तीन ओळी, आढ्याजवळच्या दोन ओळी आणि त्रिकोणी भिंतींकडच्या दोन-दोन ओळी, एवढी कौलं जस्ताच्या तारेने रिपेला बांधून टाका. तांब्याची तार अजून चांगली पण महाग. शाकारणी करायला माणसं वर चढलेलीच असतात तेव्हाच हे काम सांगायचं, वेगळी मजुरी फार लागत नाही.

आढ्यावरचे कोने मात्र चुन्यात किंवा सिमेंटमध्ये नीट बसवलेले हवेत, भेगा पडल्या असतील तर उकरून परत भरा. रिपा वाशाला खिळ्याऐवजी स्क्रूने, रीप कुजली असेल तर बदलूनच. त्रिकोणी भिंतीच्या कडेने कौलांवर सिमेंटची कड घालायची पद्धत आहे, ती चांगली आहे, पण नुसत्या जाड गिलाव्याचा थर सगळ्या कौलांवर चढवू नका, वजन वाढतं आणि पुढच्या वर्षी एक कौल बदलायचं तर दहा फुटतात.

घर चौपाखी असेल तर तुम्ही नशीबवान, चारी बाजूंनी उतार असल्याने वाऱ्याला सपाट भिंत सापडत नाही, म्हणून दुपाखीपेक्षा ते वादळात चांगलं टिकतं. नवीन बांधणाऱ्यांनी याचा विचार करावा. उतार २२ ते ३० अंशांचा ठेवा, म्हणजे आडव्या दहा फुटाला चार ते पावणेसहा फूट उंची. आजकाल पत्र्याला अगदी कमी उतार देतात, पैसे वाचतात, पण चपट्या छपरावर वरची ओढ जास्त येते.

पडवीचं काय? कोकणातला पाऊस बघता लांब पागोळी आणि पडवी लागणारच, भिंती भिजू देऊन चालणार नाही. पण पडवीचं छप्पर मुख्य छपराच्या वाशांनाच पुढे लांबवून केलं असेल तर पडवीखाली शिरलेला वारा पडवीला उचलताना मुख्य छप्परही सोबत घेऊन जातो. म्हणून पडवी वेगळी करा, जरा खालच्या पातळीवर, स्वतःच्या वाशांची, स्वतःच्या खांबांची, आणि खांब खाली काँक्रीटमध्ये पुरलेले. जायचीच वेळ आली तर पडवी जाईल, घर राहील.

स्लॅबवरची शेड

गळती थांबवायला स्लॅबवर जी पत्र्याची शेड टाकतात, मुंबई-ठाण्यापासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे, ती वादळात सगळ्यात धोकादायक, कारण चारी बाजू उघड्या, वारा थेट पोटात. आणि पाईपच्या खालची बेस प्लेट बहुतेक वेळा चार छोट्या फास्टनरवर, तेही पातळ गिलाव्यात किंवा कोब्यात ठोकलेले, खालच्या काँक्रीटपर्यंत पोचलेलेच नसतात. प्लेट शक्यतो खालच्या कॉलमच्या किंवा बीमच्या वर घ्या, कोबा फोडून मूळ काँक्रीटवर बसवा आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट केमिकल भरून बसवायचे बोल्ट, वापरा. भोक पाडल्यावर त्यातली धूळ फुंकून पूर्ण काढल्याशिवाय केमिकल धरत नाही, हे स्वतः बघा. शेड उडाली की आपलं नुकसान होतंच पण तो पत्रा शेजारच्या घरावर, रस्त्यावरच्या माणसावर जातो, म्हणून याला जास्त जपा.

खिडक्या-दारांबद्दल थोडक्यात. वादळात "हवा खेळती राहू दे" म्हणून खिडक्या उघड्या ठेवा असं जे सांगतात ते चुकीचं आहे, वाऱ्याच्या बाजूची एक मोठी खिडकी उघडली तर आतून छपरावर जोर येतो. सगळं बंद, कडी पक्की, मोठ्या दाराला आतून आडणा. भिंत आणि छपराच्या मधल्या फटी फळीने किंवा जाळी-सिमेंटने बुजवता येतील तेवढ्या बुजवा. छपरावर आलेल्या आंब्याच्या-फणसाच्या फांद्या मे महिन्यातच उतरवा, माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ काढून घ्या.

कामाची वेळ, आणि मुंबईला राहणाऱ्यांसाठी

अरबी समुद्रातली वादळं बहुतेक मे-जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, लोक भातकापणीत आणि मच्छीमार समुद्रात. म्हणून काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका, एप्रिलपासून सुतार, फॅब्रिकेटर कुणी मिळत नाही.

चाकरमानी मंडळी फोनवर "चांगला पत्रा टाका" एवढं सांगून काम देतात, तसं नका करू. कागदावर लिहून द्या: पत्र्याची जाडी, स्क्रू कुठे प्रत्येक उंचवट्याला, मोठे वॉशर, कडांना पट्टी, प्रत्येक वाशाला पट्टी, तुळई भिंतीला कशी धरणार. आणि शेवटचे पैसे फोटो बघून द्या, वरून काढलेले नाही, माळ्यावरून काढलेले, जोडांचे. अजून काही अडलं तर आयएस १५४९८ नावाचं भारतीय मानक आहे, खास छोट्या घरांची वादळात टिकण्याची क्षमता वाढवण्यासाठी, इंजिनिअरला ते काढायला सांगा.

दरवर्षी एकदा छपरावरचे काही स्क्रू बोटाने तपासा, रबर कडक होऊन चिरलं असेल किंवा स्क्रूचं डोकं गंजून तांबूस झालं असेल तर ती अख्खी ओळ बदला.

इशारा आला की

हवामान खात्याचा पहिला सावधानतेचा इशारा साधारण ७२ तास आधी, मग ४८ आणि २४ तासांवर पुढचे. ७२ ला सैल स्क्रू घट्ट करा, कमी आहेत तिथे नवीन मारा, छपरावरची डिश, सुटे पाईप, जुनी कौलं खाली उतरवा, पाण्याची टाकी गच्च भरा म्हणजे ती हलत नाही. २४ तासांनंतर छपरावर चढायचं नाही, काय राहिलं ते राहिलं. छप्पर कच्चं वाटत असेल तर रात्र पक्क्या स्लॅबच्या घरात किंवा शाळेत काढा, म्हातारी माणसं ऐकत नाहीत, त्यांना समजावून आधीच न्या. आणि मधेच वारा एकदम थांबला, ऊन पडल्यासारखं झालं, तर बाहेर येऊन छप्पर बघायला जाऊ नका, वादळाचा डोळा वरून जात असू शकतो आणि थोड्या वेळात वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने येतो.

वादळ गेल्यावर ओल्या, शेवाळलेल्या छपरावर लगेच चढू नका, आधी विजेची तार पत्र्यावर पडलीय का ते बघा आणि मेन स्विच बंद करा. काही हलवायच्या आधी सगळ्याचे फोटो-व्हिडिओ काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात, आणि आत्ता, वादळ नसताना, घराचे चांगल्या अवस्थेतले फोटो काढून ठेवले असतील तर अजून बरं. तात्पुरती ताडपत्री टाकायची तर ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर चार फूट तरी गेली पाहिजे, नाहीतर पाणी वरून आत शिरतं, आणि कडेला दगड ठेवण्यापेक्षा कड एका लाकडी पट्टीवर दोनदा गुंडाळून ती पट्टी वाशाला स्क्रूने मारा.